रोजा, वजन आणि घरगुती दवा

रमजान सुरू झाला की कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. "मॅडम, महिनाभर उपवास म्हणजे चार-पाच किलो वजन तर सहज उतरत असेल, नाही?" विचारणाऱ्यांच्या मनात कौतुक असते, थोडा हेवाही असतो. खरे उत्तर मात्र त्यांना निराश करणारे आहे. वेगवेगळ्या देशांतील रोजेदारांची वजने महिन्याच्या आधी आणि नंतर तपासून जे अभ्यास झाले, त्यांत सरासरी घट साधारण एक ते सव्वा किलोची दिसली. ईदनंतरच्या काही आठवड्यांत तीही बरीचशी भरून निघाली. आपल्या मोहल्ल्यात तर ईदच्या नव्या कुर्त्याची शिलाई उसवावी लागलेली माणसेही सापडतील.

तेरा-चौदा तास अन्नपाण्याशिवाय राहणारा माणूस बारीक का होत नाही, याचे कारण दिवसात सापडत नाही. ते मगरिबच्या अजानीपासून सहेरीपर्यंतच्या वेळेत सापडते.

दस्तरखान आणि त्याचा हिशेब

इफ्तारचा दस्तरखान आठवा. खजूर, कापलेली फळे, भजी, समोसे, कबाब, चना मसाला, सरबताचा जग. नमाज झाली की जेवण. तरावीहहून परतल्यावर मुले म्हणतात, चला, जरा फिरून येऊ. हे फिरणे म्हणजे मुंबईत मोहम्मद अली रोड आणि मिनारा मशिदीची गल्ली, पुण्यात कोंढवा किंवा कॅम्प. नल्ली निहारी, मालपुवा, फिरनी. गावोगावी नावे बदलतात, कढई तीच असते.

एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. तेवढी ऊर्जा खर्च करायला मध्यम वजनाच्या माणसाला जवळपास अर्धा तास झपाझप चालावे लागते. भजी आणि समोसे किती चमचे तेल पितात, हे कढईतले तेल पुन्हा मोजून पाहिले तर कळते. गोड सरबताच्या एका ग्लासात पाच-सहा चमचे साखर सहज जाते, आणि ग्लास एकच कुठे असतो? जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा चमच्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगले, असे सांगते. अजान होऊन पाच मिनिटे झालेली नसतात आणि दिवसाचा हा कोटा संपलेला असतो.

सहेरीचेही तसेच. खजला किंवा फेनी दुधात भिजवून, वर साखर घालून खाणे ही अनेक घरांतली आवडती रीत. पण तळलेला मैदा आणि साखर लवकर पचते आणि दहा-अकरालाच पोटात खड्डा पडतो. त्याऐवजी ज्वारीची भाकरी, दही, एखादे उकडलेले अंडे, मुगाची डाळ किंवा आदल्या दिवशीचा दालचा घेतला तर भूक दुपारपर्यंत लांबते. मराठवाड्यातल्या, सोलापूरच्या घरांत भाकरी काही परकी नाही. रमजानमध्येच ती दस्तरखानावरून का उठते, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायला हवा. काही जण वजन उतरावे म्हणून सहेरीच टाळतात. सहेरीत बरकत आहे, असे पैगंबरांनी (स.) सांगितले आहे आणि शरीराचे म्हणणेही तेच आहे. सहेरी चुकवलेला माणूस इफ्तारला दुप्पट खातो.

कुरआनमध्ये सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा देताना लगेच अतिरेकाची मनाई केली आहे. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही हदीस आपण बयानात अनेकदा ऐकतो. ती अमलात आणण्याची सर्वांत अवघड वेळ इफ्तारची. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. दोन-तीन खजूर, पाणी, थोडी फळे एवढ्यावर रोजा सोडायचा आणि मगरिबची नमाज पढायची. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. नमाजहून परतल्यावर भूक निम्मी झालेली असते. तेव्हा एकदाच, नीट जेवायचे. तळलेला पदार्थ हवाच असेल तर एक, आणि तोही रोज नको.

स्वयंपाकघरातला रोजा

या हिशेबात एक नाव नेहमी राहून जाते. ते कढईपुढे उभ्या असलेल्या बाईचे. ती सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या नंतर झोपते आणि असरनंतर, जेव्हा अंगात त्राण नसते, तेव्हा ती तेलाच्या धगीत उभी असते. इफ्तारच्या वेळी सगळ्यांना वाढता वाढता तिचा रोजा एका खजुरावर आणि घोटभर पाण्यावर सुटतो. मग रात्री दहाला उरलेले गार पदार्थ ती उभ्या उभ्या खाते. झोप तुटलेली, जेवणाला वेळ नाही, चालणे नाही. कमी झोपेने भूक वाढते, गोड आणि तेलकट खावेसे वाटते. चाळिशीनंतर बायकांचे वजन रमजानमध्ये वाढले तर त्याचे खापर तिच्या जिभेवर फोडू नये.

दस्तरखानावरचे दोन पदार्थ कमी झाले तर तिला अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात ती कुरआन वाचेल, पडून राहील किंवा अंगणात चालेल. ते तिचे तिने ठरवावे. फळे कापणे, सरबत करणे, भांडी घासणे या कामांना पुरुषांचा हात लागला तर रोजा मकरूह होत नाही.

नानीचा बटवा

आपल्या घरांत दवा नेहमीच स्वयंपाकघरात असते. यूनानी वैद्यकात इलाज बिल गिजा, म्हणजे अन्नाने उपचार, ही एक मानाची शाखा आहे. इब्न सीनाच्या 'अल-कानून' या ग्रंथाने ज्या परंपरेला आकार दिला, ती परंपरा तब्येतीसाठी सहा गोष्टी आवश्यक मानते. हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व आराम, मनाची हालचाल व आराम, झोप व जाग, आणि शरीरात काय राहावे व काय बाहेर पडावे याचा तोल. वजनाबद्दल आजचा डॉक्टर जे सांगतो, त्यातले बरेचसे या सहांत बसते. यात कुठेही एखाद्या चूर्णाने महिन्यात दहा किलो उतरवण्याचे वचन नाही.

बटव्यातल्या काही वस्तू रमजानमध्ये खरोखर कामाच्या आहेत. सब्जाचे बी पाण्यात फुगते आणि पोट भरल्यासारखे वाटते. सरबतात साखर कमी करून सब्जा, लिंबू आणि चिमूटभर मीठ घातले तर तहानही भागते. इसबगोलाची भुशी म्हणजे निव्वळ चोथा. बद्धकोष्ठावर ती उत्तम, पण भरपूर पाण्याबरोबरच घ्यायची. म्हणून ती सहेरीच्या घाईत नको, रात्री घ्यावी. जवाची लापशी, जिला हदीसमध्ये तलबीना म्हटले आहे, ती सहेरीला फारच चांगली. जवातला चोथा पोटात हळूहळू उतरतो आणि कोलेस्टेरॉल कमी करायलाही मदत करतो. दही, ताक, काकडी, कलिंगड यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. इफ्तार ते सहेरीच्या दरम्यान सात-आठ ग्लास पाणी थोडे थोडे करून पोटात गेले पाहिजे. सहेरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत लिटरभर पाणी ओतून उपयोग होत नाही.

काही गोष्टींबद्दल मात्र गैरसमज आहेत. कोमट पाण्यात मध घेतल्याने चरबी वितळत नाही. मधाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ६० कॅलरी असतात आणि त्याचा मोठा भाग साखरच असतो. कुरआनने मधात शिफा सांगितली आहे, ती आपल्याला मान्यच आहे. पण त्यात चहाच्या कपाइतका मध रोज प्यावा असे कुठे म्हटलेले नाही. सिरका सालनात छान, पण तो पाणी न घालता रिकाम्या पोटी पिणाऱ्यांचे दात आणि घसा दोन्ही खराब होतात. आणि लेबल नसलेल्या डब्यातले 'शंभर टक्के नैसर्गिक' वजन घटवण्याचे चूर्ण घेण्याआधी दहा वेळा विचार करावा. अशा चूर्णांत सिब्युट्रामिनसारखी औषधे लपवून मिसळल्याचे तपासण्यांत आढळले आहे. हृदयाला धोका असल्याने त्या औषधावर आपल्या देशात बंदी आहे.

कलौंजी आणि साखरेची गोळी

आता त्या विषयाकडे, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक सफमध्ये कोणीतरी असणारच. यातले बहुतेक जण रोजे ठेवतात. १३ देशांतील बारा हजारांवर मुस्लिम रुग्णांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात टाइप २ मधुमेहाच्या सुमारे ७९ टक्के लोकांनी महिन्यातले किमान १५ रोजे ठेवल्याचे दिसले. त्याच पाहणीत या रुग्णांमध्ये साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पटींनी वाढल्याचेही नोंदले गेले.

अशा वेळी कोणीतरी मोबाइलवर संदेश पाठवते. कलौंजीचे तेल सुरू करा, गोळ्या बंद करा, रोज्याने साखर मुळापासून जाते. सोबत हदीसही जोडलेली असते. कलौंजीची हदीस सहीह बुखारीत आहे, तिच्याबद्दल वाद नाही. कलौंजीने साखर थोडी कमी होते असे काही लहान अभ्यासांत दिसलेही आहे. पण ती इन्सुलिनची किंवा गोळीची जागा घेते, असे कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही. आणि ज्या पैगंबरांनी (स.) कलौंजीची तारीफ केली, त्यांनीच इलाज करा, प्रत्येक आजाराला अल्लाहने दवा ठेवली आहे, अशीही शिकवण दिली. पहिली हदीस सांगायची आणि दुसरी गाळायची, हा प्रामाणिकपणा नव्हे.

मेथीदाणे, कारल्याचा रस, कलौंजी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, चालू औषधांच्या जोडीने घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांना किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना रोज्यात साखर उतरण्याचा धोका जास्त असतो. डॉक्टर अशा वेळी मात्रा आणि वेळ बदलून देतात. ती आपल्या मनाने बदलायची नसते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर खजूर आणि शहाळ्याचे पाणीही विचारूनच घ्यावे, कारण दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते.

रोज्यात बोटाला टोचून साखर तपासली तर रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. तरी अनेक जण तपासणी टाळतात. तपासली तर आकडा दिसेल आणि रोजा सोडावा लागेल, ही भीती असते. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला तर रोजा लगेच सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. घाम सुटणे, हात थरथरणे, छाती धडधडणे, बोलण्यात गोंधळ होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. तेव्हा इफ्तारला फक्त वीस मिनिटे उरली असली तरी वाट पाहायची नाही.

आपल्या अब्बांना किंवा दादीला हे सांगणे सोपे नसते. साठ वर्षांत एकही रोजा न सोडलेल्या माणसाला सवलतीची लाज वाटते. पण सूरह बकरहमध्ये जिथे रोजे फर्ज केल्याचे सांगितले, तिथेच आजारी माणसाला सूट दिली आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, असेही कळवले आहे. बरे झाल्यावर कजा रोजे ठेवावेत. बरे होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालून फिदया द्यावा. हुकूम ज्याचा, सवलतही त्याचीच. ती घेणारा माणूस कमी ईमानाचा ठरत नाही.

ईदनंतरचे अकरा महिने

ज्यांची तब्येत ठीक आहे, त्यांच्यासाठी हा महिना वजनापेक्षा सवयीच्या दृष्टीने मोलाचा आहे. सिगारेट, तंबाखू, गुटखा ओढणारे-खाणारे लोक दिवसभर त्याविना राहतात. म्हणजे राहता येते, हे सिद्ध झाले. इफ्तारनंतर पहिला झुरका घेण्याआधी हा विचार मनात आला तरी पुष्कळ. तरावीहच्या वीस रकातींत चाळीस सजदे होतात. गुडघे, कंबर, पाठ यांना एवढी हालचाल वर्षातल्या इतर रात्री क्वचितच मिळते. मशिदीपर्यंत मोटारसायकलऐवजी पायी गेले तर तिच्यात आणखी भर पडते. उन्हात व्यायाम नको. इफ्तारनंतर तास-दीड तासाने चालणे उत्तम.

ईदचा शीरखुर्मा जरूर खावा. त्यानंतर शव्वालचे सहा रोजे आहेत, सोमवार-गुरुवारचे सुन्नत रोजे आहेत. वजन हळूहळू उतरवायचे असेल, तर आठवड्यातला एखादा साधा रोजा आणि रोजची अर्ध्या तासाची चाल हा मार्ग कोणत्याही चूर्णापेक्षा स्वस्त आणि भरवशाचा आहे.

आज मात्र एक काम करता येईल. इफ्तारनंतर घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांचा डबा उघडून पाहा. कोणती गोळी कधी घेतात, शेवटची साखर कधी तपासली, हे विचारा आणि उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांनाही विनंती करा, की येत्या जुम्याच्या बयानात दोन मिनिटे आजाऱ्यांच्या सवलतीवर बोला. मुलगा किंवा सून सांगते तेव्हा जे पटत नाही, ते मिंबरवरून ऐकले की पटते.