जनावर सरकारचं, नुकसान बागायतदाराचं!

एका रानबोकडाची शिकार करण्याच्या परवानगीसाठी तुम्ही किती पैसे मोजाल? हजार? लाख? थांबा, लिलावातला आकडाच सांगायचा तर २ लाख ७१ हजार डॉलर! म्हणजे आपले साधारण सव्वादोन कोटी रुपये. २०२४ मध्ये पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये एका मारखोरच्या शिकारीचा परवाना एवढ्याला गेला. मारखोर म्हणजे पिळदार शिंगांचा डोंगरी रानबोकड. फारसीत ‘मार’ म्हणजे साप आणि ‘खोर’ म्हणजे खाणारा. आपल्या ‘भांडखोर’मधला खोर हाच. साप काही तो खात नाही, पण नाव पडलं ते पडलं.

तुम्ही म्हणाल, पाकिस्तानातल्या बोकडाचं आम्हाला काय? तर संबंध आहे आणि तो थेट तुमच्या घरच्या बागेशी आहे. रत्नागिरीत कॉलेजला येणारे कितीतरी जण पावस, गोळप, गणेशगुळे, पूर्णगड भागातून एसटीने येतात. बाहेरच्यांना पावस माहीत असतं ते स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरामुळे आणि हापूसमुळे. गावातल्यांना मात्र आणखी एक पावस माहीत असतं. माकडांनी मोहोर झाडून टाकलेलं, डुकरांनी रात्रीत भात आडवं केलेलं, आणि संध्याकाळनंतर बिबट्याच्या भीतीने दारं लवकर लावणारं.

म्हणूनच ‘शिकारीचा परवाना विका, त्या पैशातून जंगल राखा’ ही कल्पना समजून घ्यायला हवी. ऐकायला ती भयंकर वाटते, पण ती मांडणारे लोक वेडे नाहीत. आणि तिला विरोध करणारेही नुसते भावनेच्या भरात बोलत नाहीत.

मारून वाचवायचं म्हणजे काय?

आधी चित्रालचं गणित बघू. मारखोरचे परवाने वर्षाला मोजकेच निघतात. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचं नियंत्रण करणाऱ्या ‘सायटीस’ कराराने पाकिस्तानला आधी ६ आणि २००२ पासून १२ मारखोरची मुभा दिली आहे. म्हातारा, मोठ्या शिंगांचा नर तेवढा मारायचा. खरी गोष्ट पुढे आहे. परवान्याच्या पैशातले ८० टक्के त्या डोंगरातल्या गावांना मिळतात, २० टक्के सरकारला. गावाच्या वाट्याच्या पैशातून शाळा, दवाखाना, पाण्याची सोय होते, राखणदारांचे पगार निघतात. मग चोरून मारखोर मारणारा माणूस गावाचा शत्रू ठरतो, कारण तो गावाचेच पैसे पळवत असतो. बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगरात १९८० च्या दशकात हा प्रयोग सुरू झाला तेव्हा स्थानिक शिकाऱ्यांनाच राखणीला नेमलं होतं. २०१५ मध्ये मारखोरला ‘धोक्यात’ या वर्गातून काढून त्याहून कमी चिंतेच्या वर्गात घेतलं गेलं. संख्या वाढली, म्हणून.

आफ्रिकेतल्या नामिबियात असंच. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस सफारी क्लबने नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना लिलावात काढला. ३ लाख ५० हजार डॉलरची बोली लागली. जगभर आरडाओरडा झाला. त्यावर नामिबियाचं म्हणणं असं, की निवडलेला गेंडा म्हातारा आहे, त्याच्यापासून आता पिल्लं होणार नाहीत, उलट तो इतर गेंड्यांवर हल्ले करतो. मे २०१५ मध्ये त्याची शिकार झाली.

आणि दोनच महिन्यांनी झिम्बाब्वेत सेसिल मारला गेला. ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला हा सिंह. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला. त्याला उद्यानाच्या हद्दीबाहेर आणून एका अमेरिकन दंतवैद्याने मारलं. या शिकारीसाठी त्याने सुमारे ५० हजार डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं. म्हणजे एकीकडे नियमात बसवलेली शिकार आणि दुसरीकडे त्याच धंद्यात शिरलेली लबाडी. केनियाने तर १९७७ पासून शिकार पूर्ण बंद ठेवली आहे. बोट्सवानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. शेजारशेजारच्या देशांचंही यावर एकमत नाही.

आपण हे करून बसलोय

‘भारतात असं कधी होणारच नाही’ असं वाटत असेल तर जरा मागे जा. १९५१ मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या एका तरुणाने ‘अ‍ॅल्विन कूपर’ नावाची कंपनी काढली. परदेशी पाहुण्यांना मध्य भारतातल्या जंगलात शिकारीला न्यायचं, हा तिचा एक मोठा धंदा. तो तरुण म्हणजे विद्याचरण शुक्ल. हो, तेच! पत्रकारिता शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव आणीबाणीच्या धड्यात भेटतं, कारण तेव्हा माहिती व नभोवाणी खातं त्यांच्याकडे होतं.

त्या काळी जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडलेले असत. वनखातं फी घेऊन ब्लॉक द्यायचं, कंपनी पाहुण्याला मचाणावर बसवायची, वाघाचं कातडं विमानाने परदेशात जायचं. सगळं कायदेशीर. डॉलरही येत होते. पण जंगलाच्या कडेच्या गावाला काय मिळायचं? हाकाऱ्याची मजुरी.

१९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ मध्ये मोजणी झाली तेव्हा देशात १८२७ वाघ भरले. वाघ कमी व्हायला एकटी शिकार कारणीभूत नव्हती. जंगलतोड होती, चोरटी शिकार होती. पण परवान्यांच्या पैशाने वाघ वाचवला नाही, एवढं नक्की म्हणता येतं. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं.

पैसे नागपुरातही होते, चित्रालमध्येही आहेत. मग फरक कुठे पडला? किती मारायचे याला हद्द आहे का आणि पैसा कोणाच्या हातात जातो, या दोन ठिकाणी.

बागेतली कलमं, कायद्यातली कलमं

आता पावसच्या बागेत येऊ. आंब्याच्या हंगामात राखणीवर किती खर्च होतो ते घरी विचारा. नेपाळहून आलेले गुरखे, फटाके, बेचक्या, कुत्रे, जाळ्या. नाचणी आणि रताळी लावणं तर कित्येकांनी डुकरांमुळे सोडूनच दिलंय. त्यात माणसं मुंबईला गेली, शेतं पड राहिली, त्यावर झाडोरा वाढला. डुकरांना लपायला आयतं रान. डुकरीण एका वेळी चार-सहा पिल्लं घालते. त्यामुळे ‘इतके आले कुठून’ हा प्रश्न गावात कोणाला पडत नाही.

कायदा काय म्हणतो? कलम ९ ने शिकारीला बंदी. कलम ११ मध्ये अपवाद: दुसऱ्या परिशिष्टातलं जनावर उभ्या पिकाला धोकादायक ठरलं, तर वनखातं लेखी परवानगी देऊ शकतं. रानडुक्कर या परिशिष्टात येतं. लाल तोंडाचं माकड मात्र २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या परिशिष्टात, म्हणजे बिबट्याच्या पंगतीत बसलंय. पहिल्या परिशिष्टातल्या जनावराला पिकाच्या नुकसानीसाठी मारण्याची परवानगी मिळू शकत नाही. आणि परवानगी घेऊन मारलेलं रानडुक्करसुद्धा कलम ३९ नुसार सरकारी मालमत्ता. ते खाता येत नाही, विकता येत नाही.

जरा विचार करा. जिवंत असताना डुक्कर पीक खातं. मेल्यावर ते सरकारचं. दोन्ही वेळा बागायतदाराच्या हातात शून्य. उलट अर्ज, हेलपाटे आणि काडतुसाचा खर्च त्याचाच.

मग गावात काय होतं, हे तुम्हालाही माहीत आहे, फक्त मोठ्याने कोणी बोलत नाही. ठासणीची बंदूक रात्री बाहेर निघते. कुंपणाला वायरची फासकी लागते. फासकी डुकरासाठी असते, पण ती जनावर ओळखत नाही. फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या रत्नागिरी जिल्ह्यातून वरचेवर येतात. बिबट्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. म्हणजे डुक्कर नको म्हणून लावलेल्या फासात डुकरं खाणारा बिबट्याच मरतो आणि बागायतदाराच्या दारात पोलीस येतात.

तेव्हा ‘शिकार हवी की नको’ हा वाद शहरात बसून घालायला ठीक आहे. पावसमध्ये शिकार होतेच आहे. तिची मोजणी नाही, हद्द नाही आणि तिच्यातून जंगलाला किंवा गावाला काही मिळत नाही.

मग लावायचा का लिलाव?

समजा, उद्या कायदा बदलला आणि ग्रामपंचायतीने दहा रानडुकरांचे परवाने लिलावात काढले. चालेल? मला नाही वाटत.

एक तर, मारखोरला सव्वादोन कोटी मिळतात ते तो दुर्मिळ आहे म्हणून. रानडुक्कर दुर्मिळ नाही. त्याचं डोकं दिवाणखान्यात लावायला कोणी कोटी देणार नाही. दुसरं, लिलावाला जनावर टिकून राहायला हवं असतं, तरच पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव होतो. बागायतदाराला तर ते कमी व्हायला हवंय. दोघांची गरज उलट्या दिशेने जाते. तिसरं, चढ्या बोलीचा मोह एकदा लागला की डुकरावर थांबेल का? उद्या कोणीतरी ‘त्रासदायक’ बिबट्याची बोली लावेल. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पन्नासहून अधिक रानडुकरं परवानगीने मारली गेली तेव्हा मनेका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर, एकाच सरकारमधले दोन मंत्री, जाहीरपणे भांडले होते. पैशाची बोली नसताना एवढं, तर बोली आल्यावर काय?

पण लिलाव नको म्हणून चित्रालचा धडा टाकून द्यायचं कारण नाही. गावाला हिस्सा मिळाला की गाव राखणदार होतो, हा तो धडा. आणि तो आपल्याच जिल्ह्यात, एकही गोळी न झाडता, सिद्ध झालेला आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांची अंडी पूर्वी सर्रास चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक गावातल्या घरांत राहू लागले, जेवणाचे-राहण्याचे पैसे थेट त्या घरांत जाऊ लागले. आज वेळासमध्ये अंडी चोरणं म्हणजे शेजाऱ्याच्या कमाईवर हात टाकणं. पावसच्या जवळ, गावखडीच्या किनाऱ्यावरही कासवं अंडी घालायला येतात.

अर्थात कासव कोणाचा आंबा खात नाही. डुकराचं आणि माकडाचं उत्तर एवढ्या सोप्या वाटेने मिळणार नाही. तिथे निवड करूनच, परवानगीनेच, काही डुकरं मारावी लागतील. केरळने २०२२ मध्ये पीक नासवणारं रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. म्हणजे निर्णय गावाजवळ आला. तो आपल्याकडेही यायला हरकत नाही. आणि जनावर सरकारचं असेल तर त्याने केलेलं नुकसानही सरकारचंच धरायला हवं, वेळेवर आणि बाजारभावाने. मोडलेलं कलम पंचनाम्यात दाखवता येतं. माकडांनी खाऊन टाकलेल्या कैऱ्या कशा दाखवणार? भरपाईच्या नियमांनी हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

तुमचं काम

यात तुम्ही काय करणार? आहे की! चित्राल असो, नामिबिया असो, सुरुवात मोजणीपासून होते. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुढच्या सुट्टीत ग्रामपंचायतीत जा आणि ती वही बघायला मागा. एनएसएसच्या शिबिरात रस्ता झाडण्यासोबत एखादा दिवस या नोंदींना द्या: कुठल्या वाडीत डुकरं कधी उतरतात, माकडांची टोळी किती, कुठलं शेत कशामुळे पड राहिलं, फासकी कुठे लागते. नुकसान झालं की लगेच फोटो काढा, तारीख लिहा, घरच्यांना वनखात्याकडे अर्ज करायला लावा. आई-बाबा कंटाळलेत, तुम्ही अजून कंटाळलेले नाही आहात.

आणि पुढच्या वेळी मोबाइलवर मेलेल्या सिंहाशेजारी हसणाऱ्या शिकाऱ्याचा फोटो आला, की चिडायला हरकत नाही. फक्त तेवढ्याच रागाने विचारा, की आपल्या कुंपणाला लावलेल्या वायरीत अडकलेल्या बिबट्याचा फोटो कोणी का टाकत नाही.