अंगणाला लागून रान

पौड मागे टाकून मुळशी तालुक्यातल्या कोळवणच्या खोऱ्यात शिरले की डोंगर जवळ येतात. खाली भातखाचरे, वर झाडी, मध्ये घरे, आणि हल्ली त्यांच्या जोडीला शहरातल्या लोकांची फार्महाऊस. अंगणातला कुत्रा आणि डोंगरातला बिबट्या यांच्यात कधी कधी चार बांधांचेही अंतर नसते. पाळीव जनावर निरोगी ठेवायचे म्हणजे वेळेवर खाऊ घालायचे, लस टोचायची आणि लाड करायचे, असे शहरात वाटते. कोळवणसारख्या गावात आपल्या जनावराची प्रकृती शेजारच्या रानावर अवलंबून असते आणि रानाची प्रकृती आपल्या जनावरावर. यातली दुसरी बाजू फारच थोड्यांच्या ध्यानात येते.

सुरुवात बिबट्यापासून करू. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार शोधला. हा अभ्यास २०१४ मध्ये 'ओरिक्स' या नियतकालिकात आला. बिबट्याच्या पोटात गेलेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा माणसाजवळ राहणाऱ्या प्राण्यांचा होता. त्यात कुत्री ३९ टक्के, मांजरे १५ टक्के आणि शेळ्या अवघ्या ११ टक्के. त्या परिसरात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट होती, तरीही! कारण साधे आहे. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रा बाहेर मोकळा असतो. म्हणजे बिबट्या काय खाणार हे बऱ्याच अंशी रात्री आपण दार कोणासाठी लावतो यावर ठरते.

मुळशीच्या डोंगरांतही बिबट्याचा वावर आहे. तेव्हा कुत्र्याला राखणीसाठी म्हणून रात्रभर उघड्यावर साखळीने बांधून ठेवणे हा मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. मोकळा कुत्रा निदान पळू तरी शकतो. त्याला रात्री घरात घ्यावे, नाहीतर वरूनही बंद असलेल्या जाळीच्या खोलीत ठेवावे, कारण बिबट्या भिंत सहज चढतो. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा काटेरी पट्टा घालतात. त्यामागे पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण आहे. बिबट्या पहिला घाव गळ्यावर घालतो, आणि तिथेच त्याच्या जबड्याला लोखंड लागते. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये, हाही याच उपायाचा भाग. खरकट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

बिबट्या निदान दिसतो तरी. गोचीड दिसेपर्यंत तिचे काम झालेले असते. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते: अळी असताना, अर्धवट वाढ झाल्यावर आणि पूर्ण वाढ झाल्यावर. प्रत्येक वेळी पोट भरले की ती अंगावरून गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात किंवा दगडाखाली दडते. शेवटच्या खेपेनंतर मादी तिथेच हजारांनी अंडी घालते. म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही. तो झोपतो ती जागा आणि तिथल्या भेगाही साफ कराव्या लागतात. गोचीडतापाचे जंतू रक्तात शिरल्यावर काहींचा मारा तांबड्या पेशींवर होतो आणि लघवी गडद होते. काहींमुळे रक्त गोठवणाऱ्या कणिका घटतात आणि नाकातून रक्त येते. कुत्रा दोन दिवस जेवला नाही, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, अंग तापले, तर रक्ततपासणी करून घ्यावी. वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक कुत्री बरी होतात.

इथेच मांजरांचा घात होतो. गुरांच्या आणि कुत्र्यांच्या गोचिडांवर मारायच्या औषधांत पायरेथ्रॉइड गटाची रसायने असतात. कुत्र्याचे यकृत ती पचवून बाहेर टाकते. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारे विकर जवळजवळ नसतेच. शुद्ध मांसाहारी वंशाला वनस्पतींतली विषे पचवायची गरज फारशी पडली नाही, म्हणून ती क्षमता गळून गेली असे शास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे कुत्र्याला लावलेले परमेथ्रिन मांजराच्या अंगाला लागले की मांजर थरथरू लागते, त्याला झटके येतात. याच उणिवेमुळे तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याचे औषध पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्या जवळ फिरकू देऊ नये.

रेबीजबद्दल सगळ्यांनी ऐकलेले असते, पण त्याची चाल किती अजब आहे हे कमी जणांना माहीत असते. हा विषाणू सहसा रक्तातून फिरत नाही. चावल्याच्या जागी तो मज्जातंतूत शिरतो आणि त्याच वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. हा प्रवास काही आठवड्यांचा, कधी काही महिन्यांचा. लसीला जी सवड मिळते ती याच संथपणामुळे. विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते, म्हणून साबण आणि वाहत्या पाण्याने जखम १५ मिनिटे धुणे हा खराखुरा उपचार आहे. मेंदूत पोहोचल्यावर विषाणू लाळेत उतरतो आणि कुत्र्याची लक्षणेही साधारण त्याच सुमारास दिसू लागतात. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा असे सांगतात ते यासाठी. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत माणसाने स्वतःची लस लांबवू नये.

आता अंगणातून रानाकडे जाणारा रोग. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा गोवराच्या आणि गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. डिस्टेंपर मात्र अजून घरोघरी फिरतो आहे. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत सिंहांपैकी सुमारे एकतृतीयांश, म्हणजे हजाराच्या आसपास सिंह, या रोगाच्या साथीत दगावले. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये थोड्याच दिवसांत वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हाही हाच विषाणू सापडला. कोळवणमधल्या एखाद्या पिल्लाला टोचलेली लस डोंगरातल्या कोल्ह्याला, रानमांजराला आणि बिबट्यालाही उपयोगी पडते, हे म्हणूनच अक्षरशः खरे आहे.

पिल्लाला ही लस एकदाच देऊन का पुरत नाही, हे गाईगुरे पाळणाऱ्याला चटकन कळेल. व्यायलेल्या गाईसारखा कुत्रीलाही चीक येतो आणि त्यातून आईची रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाला मिळतात. ती अंगात असेपर्यंत लसही निकामी करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावा लागतो. मधेच सोडलेला कोर्स पिल्लाला नेमका दगा देतो.

परदेशी पाळीव प्राण्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त दुःखद. रुपयाएवढे हिरवे पिल्लू म्हणून विकले जाणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले रेड इअर्ड स्लायडर कासव मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले. ते जवळजवळ फूटभर वाढते आणि तीसेक वर्षे जगू शकते. त्याच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. लहान मुले ही पिल्ले तोंडात घालत, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. काचेच्या पेटीत अतिनील प्रकाश मिळाला नाही की त्याच्या अंगात 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडते. नुसत्या सुक्या झिंग्यांवर ठेवले तर 'अ' जीवनसत्त्वाअभावी पापण्या सुजून डोळे मिटतात. मग कंटाळलेला मालक 'मोकळे केले' म्हणून ते ओढ्यात किंवा धरणात सोडतो. तिथे ते आपल्या देशी कासवांचे अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावते. सोडणाऱ्याला वाटते पुण्य लागले. पाण्याच्या दृष्टीने ते आक्रमण असते.

पोपट आणि तारा कासव यांच्याबाबत तर वादच नको. दोन्ही आपल्याकडचे वन्यजीव आहेत आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणे गुन्हा आहे. आफ्रिकी करड्या पोपटासारख्या आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. जखमी किंवा नकोसा झालेला वन्यप्राणी स्वतः कुठेही सोडू नये. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठी आहे, आणि मुळशीतच बावधनला वन विभाग आणि 'रेस्क्यू' नावाची संस्था मिळून वन्यप्राण्यांचे उपचार केंद्र चालवतात. गुराढोरांसाठी दारात येणाऱ्या पशुवैद्यकीय गाडीचा क्रमांक १९६२.