समजून घ्या : उलटी वाहणारी नदी गरीब का? गूढ शब्दकोड्याचं गणित

जानेवारी 2013. ब्रिटनच्या 'गार्डियन' दैनिकातल्या शब्दकोड्यावर एक छोटी सूचना होती. कोडं रचणाऱ्याला कसला तरी आजार आहे आणि त्यावर उपचार सुरू आहेत, एवढं त्यातून कळत होतं. आजाराच्या आणि उपचाराच्या जागी मात्र फक्त चौकटींचे क्रमांक होते. वाचकांनी कोडं सोडवलं आणि उत्तर समोर आलं : अन्ननलिकेचा कर्करोग, पॅलिएटिव्ह केअर सुरू.

हे कोडं रचणारे होते जॉन ग्रॅहम. वय 91, पेशाने धर्मगुरू. ते 'गार्डियन'साठी 1958 पासून कोडी रचत होते आणि 'अराउकेरिया' हे त्यांचं टोपणनाव होतं. अराउकेरिया म्हणजे 'मंकी पझल' हे झाड, म्हणजे नावातही कोडंच! त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं.

एवढी जड बातमी चौकटींतून पोहोचली, कारण गूढ कोड्यात उत्तराकडे जायला दोन वाटा असतात. शोधसूत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात शब्दांचा खेळ असतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी भेटल्या, की उत्तर पक्कं.

मराठीत हे कसं दिसेल?

उलटा शब्द : 'उलटी वाहणारी नदी गरीब (2)'. 'नदी' उलटी वाचा : दीन. अर्थ, गरीब.

लपलेला शब्द : 'घर विकताना आत सापडला सूर्य (2)'. 'घर विकताना' यातली मधली अक्षरं जोडा : रवि.

जोडशब्द : 'सामानापुढे जखमेची खूण ठेवली की कोकणातलं बंदर (4)'. माल अधिक वण : मालवण.

खरी कसरत रचणाऱ्याची. इंग्रजीत एका चौकटीत एकच सुटं अक्षर बसतं, त्यामुळे शब्दाची मोडतोड सोपी जाते. मराठीत काना-मात्रा अक्षराला चिकटूनच चौकटीत येतात. जोडाक्षरालाही सहसा एकच चौकट. आडव्या शब्दात 'की' आली, तर त्याच चौकटीतून जाणाऱ्या उभ्या शब्दातही 'की'च हवी, 'का' चालणार नाही. म्हणून जाळी भरताना आधी लांब शब्द बसवावेत, छोटे शब्द नंतर. सूत्र लिहिताना एकच पथ्य : वाचकाला चकवावं, पण फसवू नये. सूत्रातला प्रत्येक शब्द कामाचा हवा.

राज्याराज्यांत विखुरलेल्या मराठी वाचकांना याचा आणखी एक फायदा आहे. बेळगावात रोज कानावर पडणारा शब्द इंदूरच्या वाचकाला नवा असू शकतो. साध्या कोड्यात तो तिथेच अडतो. गूढ कोड्यात मात्र अर्थ माहीत नसला, तरी तुकडे जोडून शब्द हाती लागतो. चौकट भरते, आणि शेजारच्या मराठीतला एक शब्दही आपला होतो.