चौकशी ते विक्री : संभाव्य ग्राहकांची नोंद कशी ठेवावी?

रेल्वेने वा अनमोड घाटमार्गे हुबळी गाठणाऱ्या गोमंतकीयांना कोप्पीकर रोडची बाजारपेठ नवी नाही. समजा, तेथील हॉटेलांना भांडी व शेगड्या पुरवणाऱ्या एका दुकानात कळंगुटच्या उपाहारगृहाने जुलैमध्ये भाव विचारला. विक्रेत्याने तो क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवला. सप्टेंबरमध्ये त्याने नोकरी सोडली आणि क्रमांकही त्याच्याबरोबर गेला. ऑक्टोबरमध्ये पर्यटन हंगाम उजाडेपर्यंत त्या उपाहारगृहाने दुसरीकडून खरेदी केली होती. भाव योग्य असूनही हे गिऱ्हाईक हातचे गेले.

ही गळती थांबवण्यासाठी ग्राहक संबंध व्यवस्थापन, म्हणजेच ‘सीआरएम’ संगणक प्रणाली वापरली जाते. सेल्सफोर्स, झोहो यांसारख्या कंपन्यांच्या प्रणाली प्रसिद्ध आहेत. मात्र प्रणाली विकत घेतल्याने शिस्त आपोआप येत नाही.

पहिली पायरी वर्गीकरणाची. नुसती विचारपूस करणारा म्हणजे ‘लीड’. त्याची गरज, ऐपत आणि खरेदीचा काळ कळला की तो संभाव्य ग्राहक ठरतो. पुढे दरपत्रक, वाटाघाटी आणि शेवटी ‘मिळाले’ किंवा ‘गेले’ असे टप्पे येतात. प्रत्येक नोंदीवर जबाबदार विक्रेत्याचे नाव, पुढची कृती आणि तिची तारीख हवीच. ‘नंतर बघू’ ही नोंद नव्हे. ‘5 ऑगस्टला दरपत्रक पाठवणे’ ही नोंद होय.

दुसरी अडचण दुबार नोंदींची. हुबळीचे अधिकृत नाव 2014 पासून हुब्बळ्ळी झाले; पणजीला कोणी पंजिम लिहितो, तर मडगावला मारगाव. माणसाला हे एकच गाव वाटते, संगणकाला मात्र दोन. मग एकाच ग्राहकाला दोन विक्रेते दोन वेगळे भाव सांगतात आणि दुकानाची पत जाते. म्हणून गावाचे नाव टंकण्याऐवजी ठरलेल्या यादीतून निवडावे आणि नवी नोंद करण्यापूर्वी मोबाइल क्रमांक शोधून पाहावा.

‘गेले’ हा टप्पाही मोलाचा आहे. भाव महाग वाटला, माल उशिरा मिळणार होता की उत्तरच गेले नाही, हे कारण लिहिले तर वर्षअखेरीस दुकानाचे दोष दिसू लागतात. निष्प्राण चौकशा यादीत तशाच राहू दिल्या तर विक्रीचा अंदाज फुगतो आणि त्या भरवशावर मागवलेला माल गोदामात पडून राहतो.

क्रमांक हाती आला म्हणून त्यावर वाटेल ते संदेश पाठवण्याची मुभा मिळत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या केंद्रस्थानी संमती आणि माहिती घेण्यामागचा हेतू आहे. ग्राहकाने नको म्हटले, तर तेही नोंदवावे.

लहान दुकानदाराने आरंभी साध्या वहीत चार रकाने आखले तरी चालेल : नाव, गरज, पुढची कृती, तारीख. ही वही महिनाभर नेमाने भरली गेली, तरच प्रणालीवर खर्च करावा.