मोटरीखालचे रबर

विद्युत मालवाहू व्हॅनची मोटर चेसिसला थेट जखडलेली नसते. धातूच्या दोन भागांमध्ये रबर पक्के चिकटवून केलेल्या जोडावर, म्हणजे माउंटिंगवर, ती बसवलेली असते. शून्य वेगापासूनच मोटर जवळपास पूर्ण टॉर्क, म्हणजे पिळाचे बल, देते आणि ब्रेक लावताना तीच मोटर जनित्र बनून उलट पीळ देते, त्यामुळे घरोघरी थांबत जाणाऱ्या व्हॅनमध्ये हे रबर दिवसभर दोन्ही बाजूंनी ताणले जाते. रबर धातूला चिकटते त्या कडेलाच बहुधा पहिली केसासारखी चीर पडते आणि गाडी निघताना ‘ठक्’ असा आवाज येऊ लागतो. इंजिनाची घरघर नसल्याने तो लगेच कानावर येतो, हे चालकाच्या पथ्यावरच पडते.

माउंटिंग बदलण्याचे काम वरकरणी चार बोल्टांचे दिसते, परंतु उच्च दाबाच्या नारिंगी केबलींमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असल्याने आधी सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीचा पुरवठा तोडणारा जोड, काढून, बॅटरीची वीज मोटरीजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरमधील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे घटक, रिकामे होईपर्यंत निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबून, मग मीटरने दाब शून्य असल्याची खात्री करावी लागते. घाईत हीच पायरी गाळली जाणे सर्वांत घातक. त्यानंतर मोटरीला लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्यावा, नवे माउंटिंग बसवावे आणि मोटरीचे वजन त्यावर नीट विसावल्यावरच टॉर्क रेंचने बोल्ट शेवटचे आवळावेत, कारण पिळलेल्या अवस्थेत आवळलेले रबर लवकर फाटते. उच्च दाबाच्या कामाचे प्रशिक्षण नसलेल्या कारागिराने नारिंगी केबलींना हात लावू नये.