गावची वर्गणी, शाळेचं बिल

शिक्षणासाठी पदर पसरण्यात महाराष्ट्राला कधी कमीपणा वाटला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरचं मूठभर धान्य गोळा करून पोरांना जेवू घातलं. तेही पुरेना तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. १९१९ साली काले गावात स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था अशी उभी राहिली. दुसरी वाट तिजोरीची. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्या झाल्या, आणि आता खर्चाची काळजी सरकारची असं गावांनी धरलं. वर्गणी मात्र काही सुटली नाही.

शिक्षकांचा पगार शासन देतं, हे खरं. रोजच्या खर्चाचं काय? समग्र शिक्षा अभियानात ३० पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार, त्यापुढे शंभरपर्यंत २५ हजार रुपये मिळतात. वाडीवरच्या शाळेच्या वाट्याला महिन्याला साडेआठशे रुपयेही येत नाहीत. त्यात खडू, रजिस्टरं, फिनेल, फुटलेला नळ आणि विजेचं बिल.

कोणत्याही झेडपीच्या शाळेत मान वर करून पाहा. पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेलं असतं. कपाटावर माजी विद्यार्थ्यांची बॅच, पाण्याच्या टाकीवर तरुण मंडळ, टीव्हीवर एखादी पतसंस्था. देणाऱ्याला नाव हवं असतं. त्यात गैर काही नाही, देवळाच्या पायरीवरही ते असतं. पण बिल थकून मीटर कापला गेला की पंखा, टीव्ही, संगणक सगळं एकदम ठप्प. झाडलोट करणाऱ्या बाईंच्या मानधनावर नाव कुठे रंगवणार? लोकवर्गणी वस्तू देते, चालू खर्च देत नाही, हे तिचं जुनं दुखणं.

लोकसहभागाचं नाव निघालं की शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी आठवते. गावकऱ्यांनी जमीन दिली, कंपन्यांचा पैसा आला, काचेच्या वर्गखोल्या पाहायला राज्यभरातून गुरुजी येऊ लागले. पुढे देणग्यांच्या हिशेबावरून वाद पेटला आणि २०२१ मध्ये मुख्याध्यापक दत्तात्रय वारे निलंबित झाले. त्याच वारे गुरुजींनी नंतर खेड तालुक्यात जालिंदरनगरची मोडकळीस आलेली शाळा गावाला सोबत घेऊन उभी केली. २०२५ मध्ये तिला टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक स्पर्धेत ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार मिळाला. मला यातून एवढंच दिसतं की पैसा गोळा करणं सोपं, त्याचा हिशेब सगळ्या गावाला पटेल असा ठेवणं अवघड.

आणि ही दोन्ही गावं पुणे जिल्ह्यातली, कारखान्यांच्या पट्ट्याजवळची. बीडच्या ऊसतोड वस्तीवर वर्गणी कोण देणार? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्याकडे निघाल्या की समितीतले पालकच गावात नसतात. मेळघाटातल्या पाड्यावर तर देणारा आणि घेणारा एकच, तोही रोजगारासाठी बाहेर. लोकसहभागाला गुण देणाऱ्या ‘माझी शाळा सुंदर शाळा’सारख्या स्पर्धांत अशा शाळा मागे पडल्या, तर दोष कुणाचा?

२०२३च्या दत्तक शाळा योजनेत सरकारने कंपन्यांना दार उघडलं, शाळेला देणगीदाराचं नाव देण्याचीही मुभा ठेवली. माझं मत स्पष्ट आहे: नाव द्या, पण शाळा सरकारच्या अंदाजपत्रकातून सुटता कामा नये. गाव जितकं गरीब, तितकं सरकारी अनुदान जास्त, असा उलटा हिशेब मांडल्याशिवाय लोकवर्गणी सुखवस्तू गावांपुरतीच राहील.

दिवाळीला गावी गेलात तर शाळेचा विकास आराखडा मागा. तो करणं हे कायद्याने समितीचंच काम आहे. भेट द्यायचीच असेल तर नवा पंखा नको. थकलेलं वीजबिल किती ते विचारा, समितीच्या खात्यात पैसे भरा आणि पावती घ्या. पुढच्या ग्रामसभेत वित्त आयोगाच्या निधीतून शाळेला किती गेले, हेही विचारा. तो प्रश्न विचारायला देणगीदार असावं लागत नाही.