चीक प्यायलं ते तरलं! डुकराचं पिल्लू विषाणूंना तोंड कसं देतं, त्याच्या दहा भन्नाट गोष्टी

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम सव्वा-दीड किलोचं असतं. काही मिनिटांतच ते धडपडत उठतं आणि आईच्या सडाकडे सरकतं. तिथे ते वेळेत पोचलं की नाही, यावर त्याचे पुढचे कित्येक आठवडे अवलंबून असतात. कारण पिल्लू मोठं होईपर्यंत विषाणू थांबत नाहीत. या इवल्याशा जिवाच्या प्रतिकारशक्तीची रचनाच थक्क करणारी आहे. वाचा तर!

१. जन्मताना प्रतिपिंडं जवळजवळ शून्य

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून तिची प्रतिपिंडं, म्हणजेच अँटीबॉडी, मिळू लागतात. डुकरांत तसं होत नाही. डुकरिणीचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये सहा थर असतात. अन्नद्रव्यं आणि प्राणवायू त्यांतून पार होतात, पण प्रतिपिंडांचे मोठाले रेणू अडकतात. त्यामुळे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस पोटात राहूनही पिल्लू आईच्या प्रतिपिंडांशिवायच जगात येतं.

२. चिकाची मुदत एकच दिवस

गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण चवीने खातो. डुकरिणीचा चीक मात्र पिल्लासाठी जीव वाचवणारा असतो. त्यात प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात आणि नवजात पिल्लाचं आतडं ती न पचवता, आख्खीच्या आख्खी रक्तात घेतं. ही सोय फार थोडा वेळ टिकते. साधारण २४ ते ३६ तासांत आतड्याचं हे दार कायमचं बंद होतं. दुसरीकडे चिकातली प्रतिपिंडंही पहिल्या दिवसभरात झपाट्याने घटत जातात. एका पिल्लाला किमान २०० ते २५० ग्रॅम चीक मिळायला हवा. एका वेतात दहा-बारा पिल्लं असली की शेवटी जन्मलेलं किंवा अंगाने लहान पिल्लू मागे पडतं आणि विषाणूंना आधी तेच बळी पडतं.

३. थंडी ही विषाणूची मैत्रीण

माणसाच्या नवजात बाळाला ऊब देणारी खास तपकिरी चरबी डुकराच्या पिल्लात नसते. ती पेटवणारं जनुक डुकरांच्या पूर्वजांत सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं. म्हणून नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंश सेल्सिअसची ऊब लागते. गारठलेलं पिल्लू सुस्त पडतं, सडापर्यंत जात नाही आणि त्याच्या वाट्याचा चीक हुकतो. बल्बची किंवा कोरड्या पेंढ्याची ऊब म्हणूनच प्रतिकारशक्तीच्याही कामी येते.

४. पेशी हव्यात त्या सख्ख्या आईच्याच

चिकातून प्रतिपिंडांबरोबर आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही पिल्लाच्या शरीरात शिरतात. प्रतिपिंडं कुठल्याही डुकरिणीच्या चिकातून मिळू शकतात. पेशी मात्र सख्ख्या आईच्याच आत घेतल्या जातात, दुसरीच्या नाहीत. म्हणून जाणते वराहपालक आधी पिल्लाला त्याच्या आईचा चीक पोटभर पाजतात. दुसरीच्या अंगावर लावायचं असेल तर ते त्यानंतर.

५. आतड्यातली खबर कासेपर्यंत

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातून पिल्लांच्या एका भयंकर हगवणीची पहिली नोंद झाली. तिचं नाव टीजीई, आणि ती कोरोनाविषाणूमुळे होते. पुढे ओहायोमध्ये एडवर्ड बोल आणि लिंडा सैफ यांच्या अभ्यासातून एक विलक्षण गोष्ट कळली. डुकरिणीच्या आतड्याला या विषाणूचा संसर्ग होऊन गेला असेल, तर तिच्या दुधात आयजीए प्रकारची प्रतिपिंडं भरपूर उतरतात. आतड्यात विषाणूची ओळख पटलेल्या पेशी रक्तातून प्रवास करत थेट कासेत जाऊन बसतात आणि तिथे प्रतिपिंडं तयार करतात! ही प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात जात नाहीत. ती आतड्याच्या आतल्या बाजूला राहून विषाणूला तिथेच रोखतात. म्हणजे पहिल्या दिवसाचा चीक रक्ताला जपतो आणि नंतरचं रोजचं दूध आतड्याला. पिल्लू मध्येच दुधापासून तोडलं तर हे दुसरं कवच लगेच नाहीसं होतं.

६. पोटातली ७० दिवसांची रेघ

गर्भातलं पिल्लू साधारण ७० दिवसांचं झालं की स्वतःची प्रतिपिंडं तयार करू शकतं. याचा पुरावा पार्व्होविषाणू देतो. त्याचा संसर्ग या टप्प्याआधी झाला तर गर्भ बहुधा मरतो आणि पोटातच सुकून जातो. नंतर झाला तर तोच गर्भ विषाणूवर मात करून ठणठणीत जन्माला येऊ शकतो. क्लासिकल स्वाइन फीव्हरच्या विषाणूची चाल आणखी घातक. तो लवकर गर्भात शिरला, तर पिल्लाचं शरीर त्याला आपलंच मानून बसतं. असं पिल्लू वरवर निरोगी दिसतं, पण प्रतिपिंडं न बनवता पुढे महिनोन्‌महिने विषाणू पसरवत राहतं.

७. उलट्या गाठी, वेगळ्या पेशी

डुकराच्या लसिकाग्रंथी आतून बाहेर उलटवल्यासारख्या असतात. आपल्याकडे जो भाग कडेला असतो, तो डुकरात मध्यभागी असतो. आपल्या लिंफोसाइट पेशी ग्रंथीतून लसिकेच्या वाटेने बाहेर पडतात, डुकराच्या बहुतांशी थेट रक्तात उतरतात. शिवाय गॅमा-डेल्टा नावाच्या टी-पेशी माणसाच्या रक्तात थोड्याच असतात. लहान वयाच्या डुकरात मात्र लिंफोसाइटमधला त्यांचा वाटा निम्म्यापर्यंत जाऊ शकतो.

८. आधी इशारा, मग फौज

विषाणू पेशीत घुसला की काही तासांतच इंटरफेरॉन हे प्रथिन बाहेर पडतं आणि शेजारच्या पेशींना सावध करतं. नेमकी प्रतिपिंडं यायला मात्र दिवस ते आठवडे लागतात. पीआरआरएस या रोगाचा विषाणू हा इशाराच दाबून टाकतो. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या लेलिस्टाड इथे तो प्रथम वेगळा केला गेला, आणि भारतात २०१३ मध्ये मिझोराममध्ये त्याची साथ आली. तो फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींतच घर करतो. म्हणजे जंतू गिळणं हे ज्यांचं काम, त्याच पेशी तो पोखरतो. त्याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं तयार व्हायला चार आठवडे किंवा त्याहूनही जास्त लागतात. पेशीत शिरायला त्याला सीडी-१६३ हे प्रथिन लागतं. त्यात जनुकीय बदल केलेली, या रोगाला दाद न देणारी डुकरं अमेरिकेत तयार झाली आणि २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यांना मंजुरीही दिली.

९. एका आठवड्याचं पिल्लू आणि एका महिन्याचं

विषाणू तोच, पण वय बदललं की निकाल बदलतो. पीईडी हा टीजीईसारखाच हगवणीचा रोग २०१३ मध्ये अमेरिकेत शिरला आणि वर्षभरात सुमारे ७० लाख पिल्लं दगावली. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांत मरण्याचं प्रमाण जवळजवळ १०० टक्क्यांवर जाऊ शकतं. दूध तुटलेली मोठी पिल्लं मात्र हगवण लागूनही बहुधा सावरतात. कारण विषाणू आतड्याचं अस्तर नासवतो. मोठ्या पिल्लात ते दोन-तीन दिवसांत नवं येतं, नवजात पिल्लात पाच ते सात दिवस लागतात. तेवढ्यात अंगातलं पाणी संपून जातं. नवजात पिल्लाच्या एनके पेशी, म्हणजे बाधित पेशी टिपून मारणाऱ्या पेशी, यांनाही अजून पुरता जोर आलेला नसतो.

१०. आईची प्रतिपिंडं लसीलाही अडवतात

चिकातून आलेली प्रतिपिंडं काही आठवड्यांत हळूहळू विरतात. ती भरपूर असताना लस टोचली, तर ती लसीतला विषाणूही निकामी करतात आणि पिल्लाचं शरीर काहीच शिकत नाही. फार उशीर केला, तर मधल्या काळात खरा विषाणू गाठतो. लसीचं वेळापत्रक म्हणूनच काटेकोर पाळावं लागतं. इन्फ्लुएंझात आणखी एक गंमत दिसते. आईच्या प्रतिपिंडांमुळे पिल्लू आजारी दिसत नाही, पण विषाणू मात्र बाहेर टाकत राहतं आणि कळपात तो फिरता राहतो.

जाता जाता

इन्फ्लुएंझाचा विषाणू रिचर्ड शोप यांनी आधी डुकरांत शोधला, १९३१ मध्ये. माणसातला सापडला १९३३ मध्ये. २००९ ची स्वाइन फ्लूची साथ पुणेकर विसरलेले नाहीत, पण ती माणसाकडून माणसाला लागत होती, नीट शिजवलेल्या मांसातून नाही. आणि जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना माणसाचा रोटाविषाणू लागतो, त्यांनाही तशीच हगवण होते. म्हणून आपल्या बाळांसाठीच्या रोटाविषाणू लसींच्या संशोधनात या पिल्लांचा मोठा वाटा आहे.

डुकराच्या पिल्लाची प्रतिकारशक्ती दुबळी नसते, तिला फक्त वेळ हवा असतो आणि तो वेळ तिला आई मिळवून देते. तुम्ही वराहपालन करत असाल किंवा करायच्या विचारात असाल, तर डुकरीण विताना हजर राहा. प्रत्येक पिल्लाला पहिल्या काही तासांत आईचा चीक मिळेल हे पाहा, ऊब द्या आणि क्लासिकल स्वाइन फीव्हरची लस कधी टोचायची हे पशुवैद्यांना विचारून ठरवा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० मध्ये भारतात आला आहे आणि तो वय पाहत नाही. त्यामुळे हॉटेलचं खरकटं न उकळता घालू नका आणि बाहेरच्या चपला शेडमध्ये नेऊ नका.